झेनमध्ये एस्टीमचं इंजिन: बसेल, पण आधी आरसी आणि ब्रेकचं पाहा

वाचकाचं पत्र

माझ्याकडे १९९७ ची कार्ब्युरेटरवाली मारुती झेन आहे, एमएच-३१ पासिंग. वडिलांनी नवी घेतली होती. पत्रा चांगला आहे, आरसी २०२७ पर्यंत आहे. इंजिन मात्र तेल खाते आणि निळा धूर सोडते. हिंगणा रोडवरचे एक मिस्त्री म्हणतात, याच्यात पैसे टाकण्यापेक्षा मारुती एस्टीमचं १.३ लिटरचं इंजिन टाकू, गाडी उडते पाहा. वायरिंगची कटकट नको म्हणून त्यावर कार्ब्युरेटरच बसवणार आहेत. कागदाचं विचारलं तर ‘होऊन जाते’ म्हणतात, नाहीतर जुना नंबर नव्या इंजिनावर पंच करून देतो म्हणतात. बजेट दीड लाख. एसी पाहिजेच. महिन्यातून एकदा समृद्धीवरून छत्रपती संभाजीनगरला जाणं होते. करू का? केलं तर कशाकडे लक्ष देऊ?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर

नंबर पंच करू देऊ नका, मग बाकी काहीही ठरो. इंजिनावरचा नंबर घासून दुसरा ठोकलेला सापडला की गाडी चोरीच्या मालाच्या संशयात जाते आणि तो संशय फेडत बसायची पाळी मालकावर येते, मिस्त्रीवर नाही. २०२७ मध्ये नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला उभी कराल तेव्हा निरीक्षक बोनेट उघडून नंबर पाहणारच.

आता ‘होऊन जाते’चं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील आणि कंपनीने त्या गाडीसाठी मुळात दिलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. तुमच्या आरसीवर ९९३ सीसी आहे, एस्टीमचं इंजिन १२९८ सीसी. झेन १.३ इंजिनात कंपनीने आपल्याकडे कधी विकलीच नाही. ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही मूळ तपशील बदलणाऱ्या फेरफाराला वाव नाही हेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक फेरफारासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. विम्याचंही तसंच. १००० सीसीपर्यंतच्या खासगी कारचा थर्ड पार्टी हप्ता जून २०२२ पासून २,०९४ रुपये आहे आणि त्यापुढे १५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये. म्हणजे ९९३ सीसीचा हप्ता भरून १२९८ सीसी चालवणं ही विमा कंपनीच्या दृष्टीने लपवाछपवी झाली. अपघातानंतर सर्व्हेअर इंजिन नंबर टिपतो आणि दावा तिथेच अडकतो.

म्हणून पहिलं काम मिस्त्रीकडचं नाही, आरटीओतलं आहे. कोणतं इंजिन, किती सीसी, कोणत्या मॉडेलचं, हे लिहून अर्ज द्या आणि उत्तर लेखी घ्या. तोवर कुणाला बयाणा देऊ नका.

१.३ ला नकार येण्याचीच शक्यता जास्त आहे, पण त्यावर एक बरा तोडगा झेनमध्येच आहे. पुढे झेनला १६ वॉल्व्हचं एमपीएफआय इंजिन (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारं) आलं. सीसी तेच ९९३, ताकद तुमच्या ५० बीएचपीच्या जागी सुमारे ६०. मॉडेल तेच, इंधन तेच, सीसी तेच. बदलतो फक्त इंजिन नंबर, आणि खराब इंजिनाच्या जागी दुसरं टाकून नवा नंबर आरसीवर चढवण्याची पद्धत आरटीओत आहे. परवानगी त्यालाही आधीच घ्यावी लागते. दहा बीएचपी ऐकायला किरकोळ वाटतात. पण गाडी साडेसातशे-पावणेआठशे किलोची आहे आणि तुमचं आत्ताचं तेल खाणारं इंजिन त्या ५० पैकी किती देत असेल कोण जाणे! आमचा कौल याच इंजिनाला.

१.३ टाकलं तर ८५ बीएचपी, म्हणजे टनाला १०५-११० च्या घरात. कागदावर मोहात पाडणारा आकडा आहे. पण परवानगी नसेल तर ती गाडी ट्रेलरवर घालून कोइंबतूर नाहीतर चेन्नईच्या ट्रॅकवर न्यायची. समृद्धीवर नाही.

पुढे जे सांगतो ते दोन्ही इंजिनांना लागू आहे, कारण दोन्ही एमपीएफआय आहेत आणि तुमची गाडी कार्ब्युरेटरची. खरा बदल तिथेच आहे. इंजिन उचलून आत ठेवणं हे एका दिवसाचं काम, बाकीचे आठवडे त्याच्याभोवती जातात.

कार्ब्युरेटरचा बेत सोडून द्या. १६ वॉल्व्हच्या एमपीएफआय इंजिनात ठिणगी कधी पडायची हे ईसीयू (इंजिनाचा छोटा संगणक) ठरवतो. ईसीयू काढला की जुन्या इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) कुठेतरी अडकवावा लागतो, आणि त्याचा अ‍ॅडव्हान्स (ठिणगी किती आधी पाडायची ते माप) वेगळ्या हेडसाठी बेतलेला असतो. इनटेक मॅनिफोल्डवर कार्ब्युरेटर बसवायला जागाच नसते, म्हणून पट्टी कापून अडॅप्टर करतात. त्यातून चारही सिलिंडरना सारखं मिश्रण जात नाही; एखादा प्लग काळा निघतो, एखादा पांढरा. पांढऱ्या प्लगचा सिलिंडर पेट्रोलला उपाशी चाललेला असतो. नागपूरच्या मे महिन्यात, एसी लावून, वर्धा रोडच्या पुलाच्या चढावर त्याच सिलिंडरमध्ये खडखड सुरू होते आणि पिस्टनचा काठ वितळतो. वर पीयूसीला दर वेळी स्क्रू फिरवत बसावं लागेल ते वेगळंच. वायरिंगची कटकट टाळून हा माणूस तुम्हाला इंजिनाची कटकट देतो आहे.

इंजिन कुठून घ्यायचं? सुटं इंजिन घेऊ नका. ठोकलेली पण चालू स्थितीतली पूर्ण गाडी मिळाली तर सोन्याहून पिवळं. नाहीतर एकाच गाडीतलं इंजिन, गिअरबॉक्स, क्लच, दोन्ही एक्सल, ईसीयू, इंजिनाचं पूर्ण वायरिंग, रिले बॉक्स, एअर फिल्टरचा डबा आणि सायलेन्सरचा पुढचा पाइप असा संच मागा. कनेक्टर कापलेलं वायरिंग फुकट मिळालं तरी घेऊ नका. मुंबईचं कुर्ला, दिल्लीचं मायापुरी इथून ट्रान्सपोर्टने वाडीपर्यंत माल येतो, पण न पाहता मागवलेल्या इंजिनाची खात्री कोण देणार? विकणाऱ्याकडून बिल, मूळ गाडीच्या आरसीची प्रत आणि गाडी भंगारात काढून नोंदणी रद्द केल्याचा कागद घ्या. इंजिन व चेसिस नंबर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या पोर्टलवर चोरीच्या यादीत नाही ना, हे घरबसल्या पाहता येतं. तो कागद छापून अर्जाला जोडा.

१.३ च घ्यायचं असेल तर नंबरची सुरुवात वाचा. जी१३बीबी असेल तरच ते १६ वॉल्व्हचं, ८५ बीएचपीवालं. सुरुवातीच्या एस्टीमचं इंजिनही १२९८ सीसीचंच होतं, पण ८ वॉल्व्हचं, कार्ब्युरेटरचं, ६५ बीएचपीचं. कबाड्याच्या लेखी दोन्ही ‘एस्टीमचं इंजिन’. जिप्सी आणि व्हर्सामध्येही जी१३बीबी होतं, पण तिथे इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसतं, तुमच्या गाडीत आडवं. तेलाचा चेंबर, मॅनिफोल्ड, पाण्याचे पाइप, फाउंडेशनच्या (इंजिन ज्यांवर टेकतं त्या आधारांच्या) जागा सगळंच बदलतं. पहिल्या स्विफ्टचं १.३ चांगलं आहे, मात्र त्याच्या ईसीयूला इमोबिलायझर जोडलेला असतो. मूळ चावी आणि तिचं युनिट सोबत नसेल तर इंजिन फिरेल, पेटणार नाही.

पैसे द्यायच्या आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) तपासा. चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून, भरलेल्या बॅटरीवर स्टार्टर मारायचा. जमिनीवर ठेवलेल्या इंजिनावरही हे होतं. चांगल्या इंजिनात प्रति चौरस सेंटिमीटर १४ किलोच्या आसपास दाब दिसतो. १२ च्या खाली असेल तर घेऊ नका, आणि सिलिंडरा-सिलिंडरांत एक किलोपेक्षा जास्त फरक असेल तरीही नको. इंजिन थंड असल्यामुळे आकडा थोडा कमी येईल, फरक मात्र लपत नाही. कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजा: दाब वाढला तर रिंगा गेल्या, नाही वाढला तर वॉल्व्ह. तेलाच्या झाकणाखाली कॉफीसारखा फेस असेल तर पाणी तेलात गेलेलं आहे. पाण्याच्या तोंडात बोट घालून पाहा. हे ब्लॉक आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचे आहेत. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घालून चालवलेलं इंजिन आतून खाल्लेलं असतं, आणि हेड गॅस्केट नवं टाकूनही तिथून गळतंच. हेड उघडलंच तर सरळपट्टी ठेवून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावा. ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त वाकलेलं हेड खरादवाल्याकडून घासून घ्यावं लागेल.

इंजिन बाहेर आहे तोवरच टायमिंग बेल्ट, त्याचा टेन्शनर, वॉटर बॉडी (पाण्याचा पंप), क्रँकची पुढची-मागची सीलं, कॅम सील, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग नवं टाकून घ्या. मागचं क्रँक सील बदलायला नंतर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. दोन-तीनशे रुपयांच्या सीलसाठी अख्खी मजुरी पुन्हा द्यायची वेळ आणू नका.

पेट्रोलचा मार्ग पूर्ण बदलायचा आहे, आणि सगळ्यात जास्त जुगाड इथेच होतो. कार्ब्युरेटरचा पंप इंजिनावर बसतो आणि पाव किलोच्या आसपास दाब देतो. इंजेक्टरला अडीच ते तीन किलो लागतात. तुमच्या टाकीत पंप नाही. सरळ उपाय म्हणजे एमपीएफआय झेनची टाकी, तिच्यातल्या पंपासकट. बॉडी तीच असल्यामुळे ती बसते. बाहेरून पंप लावायचा दुसरा मार्ग आहे, पण मग टाकी निम्म्याखाली गेली की वळणावर पंप हवा ओढतो आणि इंजिन क्षणभर गळपटतं. जुनी रबरी नळी आणि स्क्रूचे साधे क्लिप इथे चालणार नाहीत. इंजेक्शनसाठीची नळी आणि तिचेच गोल पकडीचे क्लिप घ्या. साध्या क्लिपचे दाते रबर कापतात. शिवाय आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. १९९७ च्या रबराला ते सोसत नाही. फुगलेली, चिकट झालेली प्रत्येक नळी टाकीपासून पुढपर्यंत बदला, परतीची लाइन धरून.

पंपाची वायर कशी जोडली हे स्वतः तपासा. चावी फिरवल्यावर पंप दोनेक सेकंद घुर्रकन वाजून थांबला पाहिजे आणि इंजिन फिरू लागल्यावरच पुन्हा चालू झाला पाहिजे. चावी टाकली की पंप चालूच राहत असेल तर मिस्त्रीने तो ईसीयूला बगल देऊन थेट इग्निशनला जोडला आहे. अपघातात नळी तुटली, इंजिन बंद पडलं, तरी तो पंप गरम सायलेन्सरवर पेट्रोल ओतत राहील. या एका वायरीवर तडजोड करू नका.

बाकी वायरिंगला मिस्त्री जितका घाबरतो तितकं ते अवघड नाही. इंजिनाचं हार्नेस (वायरींचा जुडगा) जसंच्या तसं राहतं. गाडीच्या वायरिंगशी त्याचे मोजकेच सांधे असतात: बॅटरीचा कायमचा करंट, चावीचा करंट, स्टार्टरचा इशारा, पंप, रेडिएटरचा पंखा, एसी, चेक लॅम्प आणि गाडीच्या वेगाचा इशारा. शेवटचा नेहमी विसरला जातो. तुमच्या झेनचा मीटर केबलवर चालतो. नव्या ईसीयूला वेग कळण्यासाठी गिअरबॉक्सवरचा सेन्सर किंवा एमपीएफआय झेनचा मीटर लागेल. ज्या गाडीचं इंजिन घेता तिच्यात काय होतं ते पाहून तेच आणा. हा इशारा नसला की सिग्नलला गाडी थांबताना इंजिन बंद पडतं आणि मिस्त्री बिचारा महिनाभर थ्रॉटल साफ करत राहतो. अर्थिंगच्या वायरी मूळ जागी, इंजिनावरच, रंग खरवडून घट्ट करा. सैल अर्थने येणारं मिसिंग सेन्सर बदलून जात नाही. सांधे पिळून टेप गुंडाळू नका, आपल्या उन्हाळ्यात टेपचा चिक सुटून वायर उघडी पडते. पिन दाबून वर आकसणारी नळी चढवा. ईसीयू डॅशखाली ठेवा, पण एसीचं पाणी ठिबकतं त्या बाजूला नको.

ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढायचा सल्ला मिळेल. दोन्ही ठेवा. २० टक्के इथेनॉलला पेट्रोल थोडं जास्त सोडावं लागतं, आणि हे ईसीयू त्या पेट्रोलसाठी बेतलेले नाहीत. ती भरपाई ते सेन्सरच्या भरवशावरच करतात.

बसवण्याचं आता थोडक्यात. एमपीएफआय झेनचं इंजिन त्याच गाडीच्या फाउंडेशनवर बसतं, ब्रॅकेट त्याच संचातले घ्या. १.३ चं तसं नाही. त्याचा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ७५.५ मिलिमीटर आहे, तुमच्या जुन्या इंजिनाचा ६१, त्यामुळे ब्लॉकच उंच आहे. हेड कव्हरवर मुलांच्या खेळायच्या मातीचा गोळा ठेवून बोनेट लावा आणि उघडून गोळ्याची जाडी मोजा. १५ मिलिमीटरपेक्षा कमी उरली तर रेस देताना इंजिन बोनेटला धडकेल. एक्सलचं माप चाक वर-खाली करून घ्या: स्प्रिंग काढून, जॅकने चाक पूर्ण वर आणि मग पूर्ण खाली, दोन्ही टोकांना आतला जॉइंट ना तळाला टेकला पाहिजे ना बाहेर आला पाहिजे. हबच्या बाजूचे दाते झेनच्या हबशी आणि आतले दाते नव्या गिअरबॉक्सशी जुळतात का, हे खरेदीच्या दिवशीच पाहायचं. एक्सल कापून मधे झाळून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा. झाळलेला एक्सल पहिल्या गिअरच्या झटक्यात पिळून तुटतो.

आता गरमीचं. नागपुरात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा रेडिएटरला मिळणारी हवाच तापलेली असते, आणि एसीचा कंडेन्सर तिला आणखी तापवतो. जुना झेनचा रेडिएटर २५ वर्षांच्या क्षारांनी अर्धा बुजलेला असणार, तो पुन्हा वापरू नका. १.३ ला एस्टीमचा किंवा दोन ओळींचा गाभा असलेला घ्या. पंख्याभोवतीचं आवरण हवंच. ते नसलं तर पंखा आपल्यासमोरचा गोल तेवढाच थंड करतो. झाकण ०.९ किलोचं नवं टाका. दाब टिकला तर पाणी शंभरच्या बरंच पुढे जाऊन उकळतं, सैल झाकणाने तो फायदाच जातो. कूलंट ३० ते ५० टक्के, बाकी डिस्टिल्ड वॉटर. पन्नासच्या वर नेऊ नका: आपल्याला गोठण्याची भीती नाही, आणि कूलंट पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. थर्मोस्टॅट वॉल काढून टाकायची इथल्या गॅरेजांत जुनी सवय आहे. कार्ब्युरेटरच्या गाडीत ती खपून गेली. एमपीएफआयमध्ये वॉल नसेल तर इंजिन थंडीत आणि पावसाळ्यात धड तापतच नाही, ईसीयू त्याला थंडच समजतो, पेट्रोल जास्त सोडतो आणि ते पेट्रोल सिलिंडरवरचं तेल धुऊन रिंगा खातं. ८२ अंशांना उघडणारी वॉल टाका. काट्याचा सेन्सर वेगळा आणि ईसीयूचा वेगळा असतो, दोन्ही जोडा.

उघडा शंकूसारखा फिल्टर लावायचा मोह होईल, आवाज छान येतो. पण तो बोनेटखालची तापलेली हवा ओढतो. बाहेरच्यापेक्षा २० अंश गरम हवा आत गेली की तिची घनता जवळपास सहा टक्क्यांनी घटते, ताकदही तितकीच. कंपनीचा डबा हेडलाइटमागून हवा घेतो, तो राहू द्या.

ब्रेकसाठी वेगळे पैसे काढून ठेवा, आणि इंजिनाच्या आधी खर्च करा. गाडीची थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते: ८० वरून थांबण्यापेक्षा ११० वरून थांबायला जवळजवळ दुप्पट उष्णता डिस्कमध्ये जाते. चाळीस-पन्नास बीएचपी देणाऱ्या थकलेल्या इंजिनावर तुमचे ब्रेक आजवर पुरले, कारण गाडी ११० ला क्वचितच पोचली असेल. एमपीएफआय झेनच्या इंजिनावर मूळ ब्रेक पुरतात, फक्त ते पूर्ण नवे करा: डिस्क, पॅड, मागचे लायनर, चाकांची सिलिंडरं, रबरी होज. १.३ असेल तर पुढे एस्टीमचे डिस्क आणि कॅलिपर, त्यांच्यासोबत मास्टर सिलिंडरही एस्टीमचाच, कारण मोठ्या कॅलिपरला तेल जास्त लागतं आणि जुन्या सिलिंडरवर पॅडल खोल जातं. १३ इंची रिम कॅलिपरला घासत नाही ना, ते चाक हाताने फिरवून पाहा. ब्रेक ऑइल डॉट ४, आणि दर दोन वर्षांनी बदलायचं. नवं असताना ते २३० अंशांपर्यंत उकळत नाही. हवेतली ओल शोषलेलं १५५ लाच उकळू लागतं आणि पॅडल स्पंजासारखं होतं. नवे पॅड बसल्यावर मोकळ्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत दहा-बारा वेळा मध्यम दाबाने थांबवा, मधे थंड होऊ द्या, मगच भरवसा ठेवा.

टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो: पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. पाच-सहा वर्षांच्या पुढचा टायर, नक्षी कितीही शिल्लक असो, समृद्धीवर नेऊ नका. तासन्‌तास एकाच वेगाने सिमेंटच्या रस्त्यावर धावताना टायर सगळ्यात जास्त तापतो. तिथे कारला १२० ची मर्यादा आहे, पण एअरबॅग नसलेल्या नव्वदीतल्या हलक्या गाडीला १०० पुष्कळ झाले. पुढचे शॉकअ‍ॅब, खालच्या आर्मचे बुश आणि टायरॉड एंड हेही याच फेरीत बदला. जादा ओढ असलेल्या इंजिनात झिजलेला बुश रेस देताच स्टिअरिंग एका बाजूला खेचतो.

एसीसाठी कॉम्प्रेसर नव्या इंजिनाचाच ठेवा आणि पाइप मापाने करून घ्या. तुमच्या गाडीत मूळ गॅस आर-१२ असेल तर आर-१३४ए भरण्यापूर्वी जुनं तेल काढून सिस्टिम धुवायला आणि ड्रायर बदलायला सांगा. दोन्ही गॅसांची तेलं एकमेकांत मिसळत नाहीत, कॉम्प्रेसर कोरडा पडतो.

पहिल्यांदा पेटवताना पंपाचा फ्यूज काढा आणि तेलाचा दिवा विझेपर्यंत थांबून थांबून स्टार्टर मारा. इंजिनात सुमारे साडेतीन लिटर तेल जातं, १०डब्ल्यू-४० किंवा १५डब्ल्यू-४०. खरी पातळी डिपस्टिकवर बघायची. मग फ्यूज लावा, चावी टाकून पंपाचा दाब भरू द्या आणि प्रत्येक सांध्यावर हात फिरवून पेट्रोल गळत नाही ना पाहा. इंजिन चालू केल्यावर हीटर पूर्ण गरमवर ठेवून, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून, पंखा सुरू होईपर्यंत हवा निघू द्या आणि पाणी भरत राहा. रेस वर-खाली होत असेल तर बहुधा मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून नाहीतर एखाद्या व्हॅक्यूम पाइपातून हवा शिरते आहे, ईसीयूला लगेच दोष देऊ नका. पहिले ५०० किलोमीटर शहरातच चालवा. भर दुपारी, एसी लावून, व्हरायटी चौकासारख्या लांब सिग्नलला काटा स्थिर राहिला पाहिजे. तेल आणि फिल्टर १,००० किलोमीटरला बदला, फाउंडेशनचे आणि एक्सलचे नट तेव्हाच पुन्हा आवळा. संभाजीनगरची पहिली फेरी त्यानंतर.

दीड लाखात एमपीएफआय झेनचं इंजिन, टाकी, वायरिंग, नवे ब्रेक, टायर आणि रेडिएटर असा हिशोब नीट भाव केला तर बसवता येईल. १.३ आणि त्याच्यासोबत लागणारं सगळं प्रामाणिकपणे करायचं म्हटलं तर तो ताणला जाईल, आणि ताणला की काट मारली जाते ती ब्रेकलाच.

काढलेलं जुनं इंजिन मिस्त्रीला मजुरीत देऊ नका. आरसीवर अजून त्याचाच नंबर आहे. नवा नंबर चढून आरसी हातात येईपर्यंत ते तुमच्याच घरी ठेवा: प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे तेल, प्लग परत लावलेले, तोंडं कापडाने बांधलेली. नंतर द्यायचं झालं तर बिल करून द्या आणि बिलावर इंजिन नंबर लिहा.